हजार कापांचा देह

२०१२ च्या अखेरीस मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात ब्रिटिश म्युझियमचं एक प्रदर्शन आलं होतं. त्याचा नायक होता नेसपेरेन्नुब, इजिप्तमधल्या कर्नाकच्या देवळातला पुजारी, साधारण २८०० वर्षांपूर्वी वारलेला. त्याची ममी कापड आणि गिलाव्याच्या रंगवलेल्या कोशात बंद होती. असा कोश एकसंध असतो. आतला माणूस पाहायचा तर तो फोडावाच लागतो, आणि एकदा फोडला की पहिल्यासारखा होत नाही. नेसपेरेन्नुबचा कोश कोणी फोडला नाही. तरीही खास चष्मे लावून अंधारात बसलेल्या प्रेक्षकांसमोर पडद्यावर कोशाचं कवच नाहीसं होई, पट्ट्यांचे वेढे विरत जात, हाडं दिसू लागत आणि कवटीच्या मागे चिकटलेलं मातीचं एक भांडं समोर येई. ममी करताना राळ ओततात. ओघळणारी राळ धरायला कोणीतरी ते भांडं डोक्याखाली ठेवलं असावं, राळ वाळली, भांडं निघेना, तेव्हा कारागिरांनी ते तसंच पट्ट्यांत गुंडाळून टाकलं, असा अभ्यासकांचा तर्क आहे. कारागिरांनी झाकून ठेवलेली ती चूक एकाही पट्टीला हात न लावता उघडी पडली.

हे जमलं ते सीटी स्कॅनमुळे. लंडनमध्ये या पुजाऱ्याचे दीड हजारांहून जास्त काप काढले गेले आणि संगणकाने ते एकावर एक रचून त्याचा देह पुन्हा उभा केला. काप हा स्वयंपाकघरातला शब्द मी मुद्दाम वापरते. वांग्याचे काप करताना आतल्या बियांची नक्षी प्रत्येक कापात थोडी सरकलेली, थोडी बदललेली दिसते. सगळे काप क्रमाने पुन्हा जुळवून ठेवले तर अख्खं वांगं तयार होतं. सीटी स्कॅनमध्ये सुरी नसते आणि वांगं शाबूत राहतं, एवढाच फरक. पण क्ष-किरण सापडल्यावरही तो फरक पार करायला माणसाला पाऊण शतक लागलं, आणि कापांमधून पुन्हा उभा केलेला देह हातात घेतल्यासारखा फिरवता यावा यासाठी आणखी काही दशकं.

नोव्हेंबर १८९५ मध्ये जर्मनीतल्या व्युर्झबर्गला विल्हेल्म राँटजेनला क्ष-किरण सापडले. डिसेंबरात त्याने बायकोच्या हाताचं चित्र घेतलं. त्यात बोटांची हाडं आणि बोटातली अंगठी दिसते. जिवंत माणसाची हाडं न कापता पाहण्याची ही पहिली खिडकी. पण क्ष-किरणांचं चित्र ही शेवटी सावली असते आणि सावलीला खोली नसते. छातीच्या एक्स-रेत बरगड्या, फुप्फुसं, हृदय आणि पाठीचा कणा एकाच कागदावर एकावर एक छापल्यासारखे येतात. हृदयामागे लपलेली गाठ हृदयाच्या पांढुरक्या सावलीत बुडून जाते. डोक्याची गत तर याहून वाईट. कवटीचं हाड किरणांना इतकं अडवतं की आतला मेंदू चित्रात जवळजवळ नसतोच.

आतली मांडणी जशीच्या तशी पाहायची तर कापणं भाग आहे, हे शल्यवैद्यांना क्ष-किरणांच्या आधीच कळलं होतं. रशियातल्या निकोलाय पिरोगोव्ह यांनी सेंट पीटर्सबर्गच्या कडाक्याच्या थंडीत गोठवलेली प्रेतं करवतीने कापून त्यांचे आडवे-उभे छेद चित्रित करवले आणि १८५० च्या दशकात त्यांचा प्रचंड ग्रंथ प्रसिद्ध केला. गोठलेल्या देहात अवयव आपली जागा सोडत नाहीत, हे त्यांच्या पद्धतीचं मर्म. आजच्या सीटीचा काप पिरोगोव्हच्या पानाशेजारी ठेवला तर दोन्ही एकाच पुस्तकातले वाटतील.

जिवंत माणसाचा काप काढण्याचं काम केलं गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांनी. इंग्लंडमधल्या शेतकऱ्याच्या घरात वाढलेला हा अभियंता ईएमआय कंपनीत होता; बीटल्सच्या तबकड्या काढणारी तीच कंपनी. त्याची कल्पना समजायला एक छोटं कोडं घेऊ. चार चौकोन आहेत, दोन वर, दोन खाली. प्रत्येकात एक आकडा लपला आहे. वरच्या ओळीची बेरीज ५, खालच्या ओळीची ९. डाव्या उभ्या रांगेची ६, उजवीची ८. आकडे कोणते? वर २ आणि ३, खाली ४ आणि ५ घेतले तर सगळं जुळतं. पण वर १ आणि ४, खाली ५ आणि ४ घेतले तरी जुळतं. आडव्या आणि उभ्या बेरजांनी उत्तर पक्कं होत नाही. आता एक तिरकी बेरीज सांगते: वरच्या डाव्या आणि खालच्या उजव्या चौकोनाची मिळून ७. झालं, उत्तर एकच उरलं, पहिलं. वाचकाने कागदावर करून पाहावं. सीटी स्कॅनरचा आत्मा या चार चौकोनांत आहे. क्ष-किरणांची एक रेघ शरीरातून आरपार गेली की वाटेत किती अडथळा झाला त्याची बेरीज हाती येते. पुरेशा कोनांतून पुरेशा बेरजा मिळाल्या की आतल्या प्रत्येक चौकोनाचा आकडा शोधता येतो. योहान राडोन या ऑस्ट्रियन गणितज्ञाने यामागचं गणित १९१७ सालीच मांडलं होतं आणि १९६० च्या दशकात अ‍ॅलन कॉरमॅक यांनी ते स्वतंत्रपणे पुन्हा शोधलं. हाउन्सफील्ड यांना त्यातलं काही ठाऊक नव्हतं. ते आपल्या वाटेने तिथे पोचले.

त्यांचं पहिलं यंत्र जुन्या लेथच्या सांगाड्यावर बसवलेलं होतं. किरण सोडायचे, मोजायचे, वस्तू एक अंश वळवायची, पुन्हा सोडायचे. एका कापासाठी मोजमापं घ्यायला ९ दिवस लागले आणि ती मोठ्या संगणकात घालून चित्र काढायला आणखी अडीच तास. सुरुवातीच्या गॅमा किरणांच्या जागी क्ष-किरणांची नळी आली तेव्हा ९ दिवसांचे ९ तास झाले. प्रयोगासाठी ते कसायाकडून बैलांचे मेंदू आणत. शेवटी १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनमधल्या विम्बल्डनच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात डॉ. जेम्स अँब्रोज यांनी एका स्त्रीच्या डोक्याचा स्कॅन केला. मेंदूच्या पुढच्या भागात गाठ असल्याचा संशय होता. चित्र होतं ८० बाय ८० चौकोनांचं, म्हणजे अवघे ६,४०० ठिपके. आज मोबाइलच्या पडद्यावरचं एखादं बोधचिन्हही याहून बारीक असतं. त्यात गाठ दिसली. ऑपरेशन करणाऱ्या सर्जनने नंतर सांगितलं की आत अगदी चित्रातल्यासारखंच होतं. १९७९ चं नोबेल हाउन्सफील्ड आणि कॉरमॅक यांना मिळून मिळालं.

चित्र म्हणून आपण जे पाहतो ते मुळात आकड्यांचं कोष्टक आहे, ही गोष्ट पुढच्या सगळ्या कथेची किल्ली आहे. या आकड्यांना आज हाउन्सफील्ड एकक म्हणतात. पाण्याला शून्य. हवेला उणे १०००. चरबी उणे १०० च्या आसपास, स्नायू अधिक ५० च्या जवळपास, हाड काहीशे ते हजार आणि त्यापुढेही. जगातल्या कुठल्याही सीटी यंत्रात पाणी शून्यच. (एमआरआयला असं सर्वमान्य माप नाही, तिथे एका यंत्राचा आकडा दुसऱ्याला लागू पडत नाही, म्हणून तिथली त्रिमिती चित्रं जास्त कष्टाची.) आजच्या सीटीचा एक काप ५१२ बाय ५१२ चौकोनांचा, म्हणजे २,६२,१४४ आकड्यांचा. काप एक मिलिमीटर किंवा त्याहून पातळ. असे हजार काप घेतले की २६ कोटींहून अधिक आकडे होतात. काप जाडी धरून पाहिला तर प्रत्येक चौकोन हा खरं तर एक इवलासा ठोकळा असतो, खडीसाखरेच्या कणासारखा. अख्खा माणूस अशा २६ कोटी कणांची रास.

रेडिओलॉजिस्ट ही रास कशी वाचतात ते मी शेजारी बसून पाहिलं आहे. अंधारी खोली, माऊसच्या चाकावर एक बोट, आणि पडद्यावर करडे काप वर-खाली धावत असतात. यकृत येतं, फुगतं, आटतं, जातं. मूत्रपिंड उगवतं. एखादी रक्तवाहिनी ठिपक्यासारखी दिसते आणि कापागणिक ठिपका सरकत जातो. तिचा मार्ग डॉक्टरांच्या डोक्यात आपोआप जोडला जातो. ‘तुम्हाला त्रिमिती चित्र लागत नाही का?’ असं मी विचारलं तेव्हा उत्तर आलं, ‘मला क्वचित. सर्जनला लागतं, पेशंटला तर लागतंच.’ हे उत्तर मला फार महत्त्वाचं वाटतं. वर्षानुवर्षांच्या सरावाने रेडिओलॉजिस्ट कापांमधून देह मनात उभा करतात. सर्जनला मात्र त्या देहात एका ठरावीक बाजूने, ठरावीक कोनातून शिरायचं असतं. त्याला रास नको, वाट हवी असते.

ती रास पडद्यावर उभी करायचे दोन मोठे मार्ग थोड्या अंतराने निघाले. पहिला १९८७ चा. न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिक प्रयोगशाळेत विल्यम लॉरेन्सन आणि हार्वे क्लाइन यांनी तो मांडला. समजा हाड म्हणजे ३०० च्या वरचं सगळं, असा उंबरठा ठरवला. मग शेजारच्या आठ आकड्यांचा एक घन घ्यायचा आणि त्याचे कोणते कोपरे उंबरठ्याच्या वर, कोणते खाली, ते पाहायचं. आठ कोपरे, प्रत्येकाला दोनच शक्यता, म्हणजे एकूण २५६ प्रकार. पण घन फिरवला किंवा उलटा केला तर बरेचसे एकसारखेच निघतात आणि अवघे १५ उरतात. त्या पंधरांसाठी आतून त्रिकोणी पत्रे कसे कापत जायचे ते एकदाच लिहून ठेवायचं. मग संगणक एकेका घनावरून मुंगीसारखा चालत जातो आणि पत्रे जोडत जातो. शेवटी हाडाचा पत्र्याचा साचा तयार. हा साचा हलका असतो, फिरवायला सोपा, आणि त्यावरून त्रिमिती छपाई करून कवटी प्रत्यक्ष हातातही घेता येते.

दुसरा मार्ग १९८८ चा. नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात मार्क लेवॉय यांनी आणि त्याच वर्षी पिक्सारमधल्या ड्रेबिन, कार्पेंटर आणि हॅनरहान यांनी तो मांडला. ‘टॉय स्टोरी’ हा त्यांचा चित्रपट यायला तेव्हा सात वर्षं अवकाश होता, आणि पिक्सार आपला चित्रसंगणक वैद्यकीय कामासाठी विकू पाहत होती. या मार्गात उंबरठा नसतो. पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्यातून एक काल्पनिक किरण राशीत सोडायचा. तो वाटेतल्या प्रत्येक कणाला विचारतो: तुझा आकडा काय? आणि एका तक्त्यावरून ठरवतो की या आकड्याला कोणता रंग, किती अपारदर्शकता. हवा पूर्ण पारदर्शक, चरबी धुरकट, रक्तवाहिन्या लालसर, हाड घट्ट शुभ्र. वाटेत जे साचत जातं ते त्या ठिपक्याचा रंग होतं. दुधात पाणी किती यावर ग्लासातून पलीकडचं किती दिसेल ते ठरतं, तसंच.

तो तक्ता म्हणजे या कलेचा प्राण. आणि तो ठरवतो माणूस. सीटीला रंग ठाऊकच नसतात. त्रिमिती चित्रातली लाल धमनी आणि मातकट स्नायू हे कोणीतरी निवडलेले रंग आहेत. खऱ्या रंगांचे काप हवे असतील तर पिरोगोव्हच्याच वाटेने जावं लागतं. अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनने १९९४ मध्ये ते केलं. टेक्ससमध्ये मृत्युदंड झालेल्या एका कैद्याने देहदान केलं होतं. त्याचा देह गोठवून एकेक मिलिमीटरचा थर खरवडत प्रत्येक थराचा फोटो घेतला गेला: १,८७१ फोटो, आणि शेवटी देहाचा भुसा. जगभरच्या संशोधकांनी त्या माणसावर आपली त्रिमिती तंत्रं पारखून घेतली. मला त्या चित्रांकडे पाहताना नेहमी थोडं थांबावंसं वाटतं.

हा तक्ता हातात घेऊन पाहायचा तर आज कोणालाही पाहता येतो. बॉस्टनमधल्या ब्रिगहॅम अँड विमेन्स हॉस्पिटलमध्ये आणि एमआयटीत सुरू झालेलं ‘थ्रीडी स्लायसर’ हे सॉफ्टवेअर फुकट आहे आणि त्याचा मूळ कोडही खुला आहे. त्यासोबत सरावासाठी छातीचा एक सीटी मिळतो. मी तो घरच्या साध्या संगणकावर उघडला. आधी चार चौकटी: आडवे, उभे, बाजूचे काप, आणि एक रिकामी. त्या रिकाम्या चौकटीत त्रिमिती चित्र चालू केलं तर छाती उभी राहिली, पण खाली स्कॅनरची फळीही आली. यंत्राला माणूस आणि फळी सारखीच, दोन्ही आकडे. चित्राभोवतीची कापण्याची चौकट ओढून फळी बाहेर टाकली. मग ‘शिफ्ट’ नावाची एक सरकपट्टी आहे, ती हळू सरकवली. ही पट्टी म्हणजे तो रंगांचा तक्ताच पुढे-मागे ढकलते. एका टोकाला त्वचा, घट्ट, मातीच्या पुतळ्यासारखी. किंचित सरकवलं की त्वचा विरघळली आणि स्नायूंचे पट्टे आले. आणखी किंचित, आणि बरगड्यांचा पिंजरा, त्याच्या आत कॉन्ट्रास्टच्या औषधाने उजळलेलं हृदय आणि त्यातून कमान घेऊन खाली उतरणारी महाधमनी. कांदा सोलताना पापुद्रे परत लावता येत नाहीत. इथे पट्टी मागे नेली की सगळं पुन्हा जागच्या जागी. तासभर मी फक्त पुढे-मागे करत बसले होते.

हे चित्र स्थिर असतं तर? छापील पानावर हीच छाती पाहिली तर ती सुंदर दिसते, पण धमनी हृदयाच्या पुढून जाते की मागून, ते नक्की कळत नाही. फिरवली की क्षणात कळतं. याचं कारण डोळ्यांमागे आहे. हान्स वॉलाक आणि ओ’कॉनेल यांनी १९५३ मध्ये एक साधा प्रयोग केला. वाकवलेल्या तारेची सावली पडद्यावर पाडली. तार स्थिर, तर सावली सपाट, निव्वळ एक वेडीवाकडी रेघ. तार फिरवायला लागलं की त्याच सपाट सावलीत पाहणाऱ्याला घन आकार दिसू लागतो, आणि थांबवलं की पुन्हा सपाट. रात्री दिवे गेले की घरी करून पाहण्यासारखा हा प्रयोग आहे: मेणबत्ती, भिंत आणि छत्रीची एक जुनी काडी वाकवून. राँटजेनच्या सावलीत जी खोली नव्हती ती नुसत्या फिरण्याने परत येते. आणि फिरवणारा हात आपला असेल तर आणखी एक गोष्ट घडते. अमुक बाजू झाकलेली आहे असा संशय आला, त्याच क्षणी ती समोर आणता येते. प्रश्न सुचणं आणि उत्तर दिसणं यांत वेळच जात नाही.

म्हणून या विद्येचा खरा झगडा वेगाशी होता. चित्र हाताबरोबर वळायचं तर ते सेकंदाला पंधरा-वीस वेळा तरी नव्याने काढायला हवं, आणि दर वेळी कोट्यवधी कण तपासायचे. लेवॉयच्या काळात एका चित्रासाठी थांबून वाट पाहावी लागे. १९९९ मध्ये मित्सुबिशीने ‘व्हॉल्यूमप्रो’ नावाचं एक कार्ड आणलं. दर बाजूला २५६ कणांची रास, म्हणजे सुमारे १ कोटी ६८ लाख कण, ते सेकंदाला ३० वेळा काढू शके. साध्या संगणकात बसणारं आणि फक्त याच कामासाठी घडवलेलं ते कार्ड होतं. पण त्याचं राज्य फार टिकलं नाही, कारण तोवर मुलांच्या व्हिडिओ गेमसाठी बनलेली ग्राफिक कार्डं त्याहून स्वस्त आणि लवकरच त्याहून वेगवान झाली. गेममध्ये भिंतींवर विटांची चित्रं चिकटवणारं यंत्रच आज रुग्णालयात हृदय फिरवून दाखवतं. मला यात काही कमीपणा वाटत नाही. लाखो मुलांनी विकत घेतलेल्या खेळांनी वैद्यकाला हे साधन परवडण्याजोगं करून दिलं.

सर्जनच्या हाती ते कुठवर जातं, त्याचं एक उदाहरण रिओ दि जानेरोचं आहे. डोकी एकमेकांना जोडलेले, जवळजवळ चार वर्षांचे जुळे भाऊ. मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरा दोघांत सामायिक. काश्मीरमध्ये जन्मलेले लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलचे सर्जन नूर उल ओवेसे जिलानी आणि रिओमधला संघ यांनी सीटी आणि एमआरआयवरून मुलांच्या डोक्यांची त्रिमिती प्रतिकृती केली आणि आभासी वास्तवाचे चष्मे लावून, एक लंडनमध्ये आणि एक ब्राझीलमध्ये असताना, त्याच एका कवटीत एकत्र ‘शिरून’ ऑपरेशनचा सराव केला. अशा सरावात चुकून कापलेली शीर पुन्हा जोडता येते. २०२२ च्या जूनमध्ये सात शस्त्रक्रियांनंतर मुलं वेगळी झाली. शेवटच्या दोन शस्त्रक्रियांना मिळून ३३ तासांहून जास्त वेळ लागला. त्यानंतर दोन्ही भाऊ शेजारी शेजारी, एकमेकांचा हात धरून पडलेले होते.

आता माझ्या घरची गोष्ट. दोन पावसाळ्यांपूर्वी आई ओट्याच्या ओल्या पायरीवरून घसरली आणि डाव्या गालावर आपटली. साताऱ्यातल्या एका डॉक्टरांनी चेहऱ्याचा सीटी काढायला सांगितला. फिल्म आली, तीसेक करडी चित्रं एका काळ्या पत्र्यावर. आईने ती खिडकीच्या उजेडात धरून पाहिली आणि मला परत दिली. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सीडी संगणकात घातली आणि पडद्यावर कवटी उभी केली.

‘काकू, हे तुमचंच बरं का.’

आई जरा मागे सरली. मग पुढे वाकली. डॉक्टर गालाच्या हाडावरची भेग दाखवत होते, पण तिचं बोट दुसरीकडेच गेलं.

‘आणि इथे डोळ्याखाली भोक पडलंय, त्याचं काय?’

खरंच होतं. डाव्या डोळ्याच्या खोबणीच्या तळाशी नखाएवढं भोक दिसत होतं. माझ्या पोटात गोळा आला. डॉक्टरांनी मात्र कवटी उजवीकडे वळवली. उजव्या डोळ्याखालीही तसंच भोक.

‘उजवी बाजू तर आपटली नाही ना? मग तिथे कसं? ते भोक नाही, काकू. तिथलं हाड कांद्याच्या पापुद्र्यासारखं असतं.’

मग त्यांनी समोरून घेतलेले काप लावले. डोळ्याच्या खोबणीखाली एक बारीक पांढरी रेघ होती, केसासारखी पण अखंड. वर डोळ्याची चरबी, खाली गालाच्या पोकळीतली हवा, आणि मधे अर्ध्या मिलिमीटरहून पातळ हाड. एका कणात थोडं हाड, थोडी हवा, थोडी चरबी असेल तर त्याचा आकडा येतो तिघांची सरासरी, आणि ती हाडाच्या उंबरठ्याखाली घसरते. मग त्रिमिती चित्र म्हणतं, इथे हाड नाही. उंबरठा खाली आणला तर भोकं बुजतात, पण सुजलेली कातडी हाडाला चिकटून येते. लॉरेन्सन आणि क्लाइन यांचे पत्रे कितीही निगुतीने जोडले तरी उंबरठा कोणीतरी ठरवावाच लागतो, आणि तो ठरवताना काहीतरी दिसतं, काहीतरी लपतं. रेडिओलॉजिस्ट त्रिमिती चित्र पाहूनही कापांकडे परत जातात ते याच कारणाने. देखण्या चित्रावर विसंबून निदान करणाऱ्याच्या हाती मी माझं माणूस देणार नाही.

पण हेही तितकंच खरं की त्या देखण्या चित्रामुळेच आईला प्रश्न विचारता आला. फिल्मवर तिला काही विचारण्यासारखं दिसलंच नव्हतं. निघताना ती डॉक्टरांना म्हणाली, ‘जरा परत वळवा ना, मागनं कसं दिसतं बघू.’ त्यांनी माऊस तिच्या हाताखाली दिला. आयुष्यात पहिल्यांदा माऊस धरलेल्या त्या हाताने कवटी आधी झटक्यात छताकडे पाहायला लागली, मग हळूहळू ताब्यात आली. तिने ती पूर्ण एक फेरी फिरवली, देवळाला प्रदक्षिणा घालावी तशी, आणि भेग समोर आल्यावर थांबली. ‘एवढीच आहे होय,’ म्हणाली. त्या रात्री ती झोपली.

स्कॅन सेंटरमधून मिळणारी अशी सीडी बहुतेक घरांत कपाटात फिल्मच्या पाकिटात पडून असते. तिच्यात डायकॉम नावाच्या, १९९३ पासून रूढ झालेल्या प्रमाण साच्यात सगळे काप असतात, अगदी पूर्ण. फिल्मवर त्यातले निवडक तीस-चाळीसच छापलेले असतात. तीच फाइल बॉस्टनच्या स्लायसरमध्ये उघडते आणि ब्राझीलमध्ये काम्पिनासच्या सरकारी संशोधन केंद्राने सार्वजनिक रुग्णालयांसाठी २००१ पासून बनवलेल्या ‘इनव्हेसालियस’मध्येही. देहरचनेच्या शास्त्राचा पाया घालणाऱ्या व्हेसालियसचं नाव त्याला दिलं आहे. दुसरं मत घ्यायला दुसऱ्या गावी जाणाऱ्या प्रत्येकाने फिल्मबरोबर सीडीही न्यावी, असं मी ओळखीच्या सगळ्यांना सांगत असते.

आणि ती जपून ठेवावी, हेही. डोक्याच्या स्कॅनमधून नाव, वय, पत्ता सगळं पुसून टाकलं तरी एक गोष्ट मागे उरते. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी २०१९ मध्ये ८४ स्वयंसेवकांच्या डोक्याच्या एमआरआयवरून त्यांचे चेहरे उभे केले आणि बाजारात मिळणाऱ्या चेहरा-ओळखीच्या सॉफ्टवेअरला त्यांच्या फोटोंशी ताडायला दिले. ७० जण बरोबर ओळखले गेले. म्हणून संशोधनासाठी स्कॅन देताना आता चेहऱ्याचा भाग खोडून टाकणारी साधनं वापरतात.

हे वाचलं त्या संध्याकाळी मी आईची सीडी घरच्या संगणकावर उघडली. आधी ओळखीची कवटी आली, भेगेसकट. मग मी सरकपट्टी उलट्या दिशेने ढकलत गेले. हाडांवर धुकं चढलं, धुक्याचं मांस झालं, मांसावर कातडी आली. केस उमटले नव्हते, कपाळावरचं कुंकू नव्हतं. डोळे मिटलेले, ओठ आवळलेले, आणि डावा गाल पुरीसारखा सुजलेला. स्कॅनच्या बोगद्यात ती घाबरून गच्च डोळे मिटून पडली होती, हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. मी चेहरा जरा माझ्याकडे वळवला.